टायर बर्फाचे, रस्ता मेहकरचा!

दिवाळीचा फराळ संपला की ऑफिसच्या पॅन्ट्रीत एकच टॉपिक असतो, मनाली! ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगच्या पलीकडचा बर्फ एकदम 'आपल्या गाडीने जाऊ की' इतका जवळ आला. ९.०२ किलोमीटरचा बोगदा, या टोकाला झाडं, त्या टोकाला पांढराशुभ्र लाहौल. फोटो बघूनच निम्म्या ऑफिसची सुट्टी मंजूर झालेली असते.

आणि मग दुसरा टॉपिक निघतो, टायर. आमच्या ग्रुपमध्ये एक मेहकरवाला आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकर. हिंजवडीत नोकरी, ईएमआयवर घेतलेली झक्कास कॉम्पॅक्ट एसयूव्ही. सध्या त्याला 'ऑल-टेरेन' टायरांनी झपाटलंय. जाडजूड ठोकळे, बाजूला पांढरी अक्षरं... गाडी उभी असली तरी वाटतं, आत्ता कारगिलहून आली. 'डिसेंबरात बर्फ, जुलैत शेतातला चिखल, एकाच टायरात काम तमाम,' हा त्याचा फंडा. चार टायरांचं बिल म्हणजे एक धमाल गोवा ट्रिप, पण नावातच 'ऑल' आहे ना, बॉस!

ग्यानबाची मेख या 'ऑल'मध्येच आहे. बर्फाला टायरकडून जे हवं असतं, त्याच्या बरोबर उलटं चिखलाला हवं असतं.

बर्फावर गाडी पकडते कशी? बर्फावर बर्फच चांगला चिकटतो. लहानपणी गोळेवाला बर्फाचा चुरा दाबून काडीवर बसवायचा, तेच तत्त्व. म्हणून बर्फाच्या टायरवर केसासारखे बारीक शेकडो काप असतात. त्यांनी बर्फ धरून ठेवायचा आणि त्या धरलेल्या बर्फाने खालच्या बर्फाला पकडायचं. दुसरी गोष्ट रबराची. आपले नेहमीचे टायर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात. कडक रबर आणि वर गोठलेला रस्ता म्हणजे पाटावर साबण. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं मुद्दाम बनवलेलं असतं.

आता आमच्या मेहकरवाल्याच्या शेताकडे या. मेहकर, लोणार, चिखली, कुठेही जा, बेसॉल्ट झिजून झालेली काळी कपाशीची माती. पाणी मिळालं की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडल्यावर पांदण रस्त्यावर गाडी घाला, दहा मीटरांत टायरच्या खाचा अशा भरतात की टायर नाही, गुळगुळीत मडकं फिरतंय असं वाटतं. इथे टायरने माती धरून ठेवायची नसते, फेकून द्यायची असते. त्यासाठी ठोकळ्यांमध्ये रुंद मोकळ्या जागा लागतात आणि ते काम 'मड-टेरेन' नावाच्या आणखी दांडगट टायरांचं. ऑल-टेरेन मधल्यामध्ये लटकतो. मुरमाचा रस्ता, गिट्टी, वाळू, घाटातला उखडलेला पॅच, इथे तो राजा. लडाखच्या उन्हाळी ट्रिपलाही सही, कारण तिथे जून-जुलैत त्रास बर्फापेक्षा धारदार दगडांचा आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचा असतो आणि जाड साइडवॉलचा तिथे खरंच उपयोग होतो. पण घट्ट बर्फ आणि ओली काळी माती या दोन्ही पेपरांत तो जेमतेम काठावर पास.

त्यातून गाडी टू-व्हील ड्राइव्ह असेल तर विषयच संपला. चार दांडगे टायर बसवून गाडी फोर बाय फोर होत नाही. (आणि फोर बाय फोरही फक्त निघायला मदत करते. थांबायला प्रत्येकच गाडीला चार चाकं असतात.)

मेहकरवाल्याच्या काकांनी तर मोबाइलवर टायरचा फोटो बघून एका वाक्यात निकाल दिला. 'काहून रे, हे टायर पाहून गारा भेते काय?' गारा म्हणजे चिखल आणि भेते म्हणजे घाबरतो, हे पुणेकर वाचकांसाठी. काकांचा उपाय फुकटातला आहे. पाऊस उघडल्यावर वाफसा येऊ द्यायचा, तोवर गाडी डांबरी रस्त्यावर लावायची आणि पायी शेतात जायचं. अगदीच अडलं तर ट्रॅक्टर. काकांचं गणित मला पटतं. तसंही बुलढाण्यात सगळ्यात भारी ऑल-टेरेन पाय एका वाघाचे. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला तो रेडिओ कॉलरवाला वाघ शेतं, नाले, हायवे ओलांडत १,३०० किलोमीटरहून जास्त चालला आणि डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नो पंक्चर!

बरं, आता खरा हिशोब करू. हा पठ्ठ्या वर्षातून पाच-सहा वेळा गावी जातो. दिवाळी, लग्नं, आईला शेगावचं दर्शन, १२ जानेवारीला सिंदखेडराजा. पुण्याहून अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्ग, मग जालना, सिंदखेडराजा, मेहकर. म्हणजे वर्षाचे हजारो किलोमीटर डांबर आणि काँक्रीट. मनालीला गेलाच, तर तिथे पोचायलाही दोन हजारांच्या आसपास किलोमीटर डांबरच तुडवायचंय. प्रत्यक्ष बर्फावर किती? दहा-वीस किलोमीटर, तेही पोलिसांनी सोडलं तर. बर्फ जास्त पडला की सोलंगच्या पुढे फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. तिथे तुमच्या पांढऱ्या अक्षरांना कोणी विचारत नाही.

म्हणून टायर निवडायचा तो समृद्धीसाठी. आणि इथे मात्र गंमत बाजूला ठेवायला हवी.

७०१ किलोमीटरचा हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी असा पहिल्यांदा उघडला आणि ५ जून २०२५ ला मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा जोडला गेला. कारला वेगमर्यादा ताशी १२०. सरळसोट रस्ता, मे महिन्यात वर विदर्भाचं ऊन, खाली तापलेलं काँक्रीट. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. टायर फुटला, असं ड्रायव्हरने सांगितलं होतं. आरटीओच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या मेहकरवाल्याची आई प्रत्येक वेळी निघताना फोनवर एकच प्रश्न विचारते, 'टायर पाह्यले का?' त्या माउलीला टायरमधलं काही कळत नाही, पण प्रश्न बरोबर आहे.

टायर गरम कशाने होतो? मुख्यतः हवा कमी असल्याने. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल दुमडते, उलगडते, दुमडते... तार सारखी वाकवली की तापते ना, तसं. १२० च्या वेगाने तासभर हे चाललं, वर डिकीत वजन असलं, की टायर आतून सुटायला लागतो. ऑल-टेरेनचे जाड ठोकळे वेगात जास्त मुरडतात, उष्णता धरून ठेवतात आणि टायर स्वतः जड असतो. आवाज येतो, लिटरमागे मायलेज घटतं ते वेगळंच. आणि ओल्या डांबरावर बहुतेक ऑल-टेरेन थांबायला हायवे टायरपेक्षा जास्त अंतर घेतात. बुलढाण्याहून मलकापूरला उतरताना राजूर घाटात, पावसात, समोर अचानक एसटी आली की हे जादा अंतर म्हणजे नुसता आकडा राहत नाही.

दुकानात गेलात की साइडवॉल वाचा. सेल्समनचं ऐकू नका असं नाही, पण आधी वाचा. समजा लिहिलंय २१५/६० आर १६ ९५ एच. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, १६ इंची रिम. ९५ हा वजनाचा कोड, एका टायरवर ६९० किलो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. दणकट दिसणाऱ्या कित्येक ऑल-टेरेनवर इथे क्यू किंवा एस असतं, म्हणजे १६० किंवा १८०. तुम्ही म्हणाल, आपण तर १२० नेच जाणार! पण हा आकडा बरोबर हवेचा आणि बरोबर वजनाचा असतो. गावाहून निघताना डिकीत आईने भरलेला गहू, तूरडाळ आणि मागे तीन पाहुणे असतात, त्याचं काय? दारावरच्या स्टिकरवर बहुधा हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीचा, एक भरल्या गाडीचा. परतीच्या प्रवासाला दुसरा वापरा. हवा टायर गार असताना बघायची, पन्नास किलोमीटर पळवून नाही. नायट्रोजन भरा हवा तर, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर महिन्याला प्रेशर बघणं त्यापेक्षा जास्त कामाचं.

मग चार आकड्यांचा कोड शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. डिस्काउंटमध्ये जुना माल गळ्यात मारला जातोय का, ते इथे कळतं. वर्क फ्रॉम होममुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या धावल्या कमी आणि पार्किंगमध्ये उभ्या जास्त राहिल्या. खाचा नव्यासारख्या, पण रबराला बारीक भेगा, असे टायर मी पार्किंगमध्ये रोज बघते. पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवून घ्या. आणि खाचांच्या तळाशी ज्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, त्या पृष्ठभागाला टेकल्या म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पावसाळ्यात समृद्धीवर जायचं तर मी तिथवर थांबणार नाही, तीनला बदलेन.

बर्फाच्या बाबतीत दोन खुणांत गल्लत करू नका. 'एम प्लस एस' म्हणजे मड आणि स्नो, पण ही खूण खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच देते. बर्फावर प्रत्यक्ष चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं छोटं चित्र असतं. काही ऑल-टेरेनवर ते असतं, पुष्कळांवर नसतं. एवढे पैसे बर्फासाठीच मोजणार असाल, तर निदान तो डोंगर शोधा. मात्र निसरड्या काचेसारख्या बर्फावर तोही डोंगर हात टेकतो, तिथे साखळ्याच लागतात. त्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायच्या, सावकाश चालवायचं आणि कोरडं डांबर लागलं की काढायच्या.

तर मेहकरवाल्याला माझा सल्ला असा. गाडीच्या मूळ साइजचे, मूळ वजन आणि वेगाच्या कोडचे चांगले हायवे टायर घे. मनालीला स्वतःच्या गाडीने जा की, पण वरच्या बर्फात तिथल्याच ड्रायव्हरची साखळीवाली गाडी कर. खिडकीतून फोटोही छान येतील. थार किंवा जिम्नीवाल्यांनो, तुमची गोष्ट वेगळी. महिन्यातून दोनदा खरोखर मुरमाच्या, दगडांच्या वाटा तुडवत असाल तर खुशाल ऑल-टेरेन घाला, फक्त १२० च्या लेनमध्ये शंभरवर समाधान माना. पांढऱ्या अक्षरांसाठी घालायचे असतील तर... चॉइस तुमचा, ईएमआय तुमचा.

त्याने शेवटी काय केलं? हायवे टायर घेतले, पण दोनच, बजेट म्हणून. दुकानदार ते पुढे बसवत होता. नवे दोन मागे बसवायला सांगा, हे मी फोनवरच ओरडून सांगितलं. ओल्या रस्त्यावर पुढची पकड आधी सुटली तर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंगवर हलकं जाणवतं. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्या हातात काही राहत नाही. जुन्यांपैकी एक बरा टायर त्याने स्टेपनीत टाकला, कारण कंपनीची स्टेपनी बारीक, ताशी ८० ची मर्यादा असलेली. सिंदखेडराजापासून मेहकरपर्यंत रात्री ११ वाजता तिच्यावर आई-बाबांना घेऊन जायची त्याची तयारी नव्हती. जॅक आणि पाना डिकीत गव्हाच्या पोत्याखाली आहे का वर, तेवढं या वेळी बघून ठेव म्हटलं.