स्वभावाला औषध नाही काय?



‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याही घरांतून सर्रास ऐकू येते. गुरुजींनी मुलाविषयी तसे म्हटले की आपण मान डोलवितो. परंतु या म्हणीच्या पोटात एक संपूर्ण राज्यशास्त्र दडलेले आहे. स्वभाव जन्मानेच ठरतो असे एकदा मानले, की हुकूम कोणी करावा व सेवा कोणी करावी हेही जन्मानेच ठरते. मनुस्मृतीने शूद्राला सेवेचे एकच कर्म नेमून दिले ते याच गृहीतावर. आपल्या भाषेतील ‘जात्याच’ हा शब्द तरी दुसरे काय सांगतो?

युरोपातही हेच दिसते. इंग्लंडातील यादवी पाहिलेल्या हॉब्जने मनुष्य स्वार्थी व भयग्रस्त मानला, म्हणून १६५१ च्या ‘लेव्हायथन’ ग्रंथात त्याने अनियंत्रित सत्तेचा पुरस्कार केला. रूसोने मनुष्य मूळचा निर्मळ मानला व दोष समाजरचनेला दिला.

आता अग्गञ्ञ सुत्त पहा. तेथेही माणसे लोभाने तांदूळ साठवितात, शेते वाटून घेतात, चोरी करतात. चित्र काही गोड नाही! तरीही तीच माणसे एकत्र जमून आपल्यातूनच महासम्मत निवडतात आणि कामाबद्दल त्याला तांदळाचा वाटा देतात. मनूचा राजा देवांच्या अंशांपासून घडलेला. हा राजा लोकांनी वेतन देऊन नेमलेला.

‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात बाबासाहेबांनी साम्यवाद्यांना विचारले, बळाने आणलेली व्यवस्था बळ काढून घेतल्यावर कशाच्या आधारे टिकेल? त्यांचे स्वतःचे उत्तर धम्म हे होते. कारण मनुष्याचे मन घडविता येते, हे त्यांनी गृहीत धरले होते.