मुक्या जनावरांस धान्य घालताना

महावीर जयंती आली, पर्युषण आले, की आपल्या पेठेतून पांजरपोळांकडे व गोशाळांकडे पोती निघतात. कोणी गहू देतो, कोणी मका, कोणी थेट कणीक. देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु ज्यांचा जन्म धान्य विकण्यात गेला, त्या आम्हीच हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, सवय नसलेल्या गाईबैलांपुढे एकाच दिवशी ओतलेले धान्य त्यांच्या जिवावर बेतते.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या कोठ्यास कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक मावते. तेथे असंख्य सूक्ष्म जीवांची वस्ती असते व कडबा पचतो तो त्यांच्याच बळावर. (सूक्ष्म जीवांची गोष्ट आपल्या वाचकांस तरी नवलाची वाटू नये.) रोज कडबा खाणाऱ्या गाईने अचानक धान्य खाल्ले, तर पिष्ट आंबवून आम्ल करणारे जीव बेसुमार वाढतात व कडबा पचविणारे मरतात. आम्ल रक्तात उतरते, अंगातील पाणी पोटाकडे ओढले जाते, रवंथ थांबते, शेण पातळ व आंबूस होते. जनावर झोकांड्या खाऊ लागते आणि एक-दोन दिवसांत दगावू शकते. अखंड दाण्यापेक्षा पीठ अधिक घातक, कारण ते लवकर आंबते. शिजलेल्या अन्नाचेही तेच. २०२३ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरजवळील कणेरी येथे लोकोत्सवाच्या काळात अनेक गाई दगावल्या, तेव्हा उरलेले अन्न खाण्यात आल्याचे कारण वृत्तपत्रांत आले होते. निपाणीहून कणेरी ती किती दूर?

येथे कोणी म्हणेल, संकरित गाई रोज पेंड व मक्याचा भरडा खातात, त्यांस काही होत नाही. खरे आहे. पण गवळी तो खुराक मूठमुठीने वाढवितो. पोटातील वस्तीस नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास दोन-तीन आठवडे लागतात, आणि सोबत वैरण लागतेच. शरीर जुळवून घेते, परंतु त्यासही सीमा आहे. खुराक सतत अति झाला तर सवयीच्या गाईचेही खूर दुखावतात व ती लंगडते. कर्नाटकी बेंदरास आपला शेतकरी बैलास पोळी भरवितो ती एखाद-दुसरी, बुट्टीभर नव्हे. हे शहाणपण त्याने पुस्तकातून घेतलेले नाही.

पांजरपोळातील जनावर तर म्हातारे, अर्धपोटी, बहुधा वाळल्या वैरणीवर जगलेले. भुकेपोटी ते पुढे येईल तेवढे खाते. म्हणजे सर्वांत दुबळ्या जीवापुढेच आपण सर्वांत मोठे पोते रिकामे करतो, आणि फोटोही काढून घेतो!

म्हणून आमची सूचना अशी : यंदाच्या पर्युषणात संघाने धान्य न स्वीकारता कडब्याच्या पेंढ्यांची वर्गणी घ्यावी. ज्यांस धान्यच द्यावयाचे असेल, त्यांनी ते कोठारात जमा करावे; किती व केव्हा घालावयाचे, हे पशुवैद्यांनी ठरवावे. कडबा महाग झाला आहे हे आम्ही जाणतो, आणि तो धान्यासारखा ढिगाने डोळ्यांत भरत नाही हेही जाणतो. बेळगाव व निपाणी या दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे भाडे आमची पेढी देईल. सभासदांनी पेंढ्यांचा आकडा तेवढा आगाऊ कळवावा.