पालावरची धाड

गावात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी अनेकदा आधी पारध्यांच्या पालावर जाते. माग काढणे राहते बाजूला. हाताला लागेल तो तरुण उचलला जातो. इंग्रजांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींच्या जन्मालाच गुन्हा ठरवले होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. ठाण्यातली नजर मात्र जुनीच राहिली.

ज्यांचे घर फुटले त्यांची भीती खोटी नसते. पण जात पाहून धरपकड केल्याने चोर सापडतो का?

न्यूयॉर्कने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. 2011 मध्ये तिथल्या पोलिसांनी सुमारे 6 लाख 85 हजार वेळा लोकांना रस्त्यात अडवले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. दहापैकी जवळपास नऊ वेळा ना अटक झाली, ना समन्स निघाले. ऑगस्ट 2013 मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा शहर गुन्हेगारांच्या हाती जाणार अशी ओरड झाली. अडवणूक काही हजारांवर आली आणि 2017 मध्ये खून तीनशेच्याही खाली गेले. (घसरणीची कारणे अनेक असतील, भाकीत फसले, हे नक्की.)

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 3 ऑक्टोबर 2024 रोजी, विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले आहे. गृहखात्याने आता प्रत्येक ठाण्याकडून एवढे तरी मागावे: पालावरून कोणाला, कोणत्या पुराव्यावर उचलले, याची लेखी नोंद.