पऱ्हाटीतला हायड्रोजन

यवतमाळच्या कपाशीला आपण जो युरिया टाकतो, तो हायड्रोजनशिवाय बनत नाही. अलिबागजवळ थळच्या राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायू आणि वाफ तापलेल्या निकेल उत्प्रेरकावरून नेतात. सुटलेल्या हायड्रोजनपासून अमोनिया, त्यातून युरिया. या पद्धतीत किलोभर हायड्रोजनमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी याची मर्यादा २ किलो ठरवली आणि जैवभारापासूनचा हायड्रोजनही त्यात धरला. मग वेचणीनंतर शिवारात पेटवली जाणारी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, कुणाच्याच हिशेबात का नाही? पऱ्हाटी तापवून निघणाऱ्या वायूवरही वाफेची हीच प्रक्रिया चालते; त्यातलं डांबर उत्प्रेरक निकामी करतं, ती खरी अडचण. पऱ्हाटीपासून हायड्रोजन काढण्याचा प्रयोग जिल्ह्यातच व्हावा आणि पऱ्हाटीचा भाव शेतकऱ्याच्या हाती पडावा, हा आमचा आग्रह आहे.