‘औषध मारणे’ आणि धोरणाची भाषा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून कीटकनाशकाला कीटकनाशक क्वचितच म्हटले जाते. ते ‘औषध’, आणि फवारणी म्हणजे ‘औषध मारणे’. मराठीच्या अभ्यासकांनी या शब्दापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. विषालाच औषध म्हटले की ते मारणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

द्राक्षमण्याची तपासणी मात्र काटेकोर होते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळल्याने युरोपात आपली द्राक्षे अडली आणि नाशिकच्या बागाइतदारांना मोठा फटका बसला. निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुने, प्रयोगशाळांचे दाखले हे सारे आज अंगवळणी पडले आहे. किलोमागे मिलिग्रॅमचा अंशही निसटत नाही. पण फवारणी करणाऱ्या मजुराच्या रक्तातील कोलिनेस्टरेज हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासावे, इतकी साधी गोष्ट आपल्याकडे रूढ नाही. मण्याला ग्राहक आहे, मजुराला नाही. दुसरे कारण आम्हांस सापडत नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. विशेष तपास पथक नेमले गेले. चर्चा बरीचशी हातमोजे आणि मुखवटे न वापरण्याभोवती फिरली. डब्यावरील लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने सांगतात, हे किती जणांना कोणी समजावून दिले होते? कायदा 1968 चा. त्याची जागा घेऊ पाहणारे विधेयक 2020 साली राज्यसभेत मांडले गेले. अशा मसुद्यांवर सूचना पाठवणाऱ्यांत फवारणी करणारा असावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. पण त्यासाठी त्याच्याजवळ नोंदी हव्यात, आणि त्या वाचू शकणारा शास्त्रज्ञ हवा.

हे अशक्य नाही, याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बालकांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्या दाईंना शिकवले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी मण्यांचा श्वासमापक केला: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. इथे शास्त्राने आपले साधन बदलले, दाईला अडाणी ठरवले नाही. पुढे गावातल्याच आरोग्यदूत स्त्रियांनी केलेल्या घरच्या घरी नवजात बालसेवेचे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि ती पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात गेली.

नाशकात 1989 पासून मुक्त विद्यापीठ आहे, 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठही. दोहोंनी मिळून एक अभ्यासक्रम आखावा: मजुराने फवारणीची आणि नंतरच्या लक्षणांची नोंद ठेवायला शिकावे, डॉक्टरांनी व रसायनशास्त्रज्ञांनी ती नोंद आमदारासमोर मराठीत मांडायला. (शास्त्रज्ञांचे शिक्षण अधिक अवघड जाईल, असा आमचा कयास आहे.) मराठी विभागांनाही त्यात काम आहे. पहिला धडा कोणता, यावर मात्र आमच्यात एकमत नाही. काहींना वाटते, डब्यासोबतच्या माहितीपत्रकाचे मराठी आधी नव्याने लिहावे. इतरांच्या मते फवारणीनंतरच्या चक्कर-मळमळीला मजूर स्वतः कोणते शब्द वापरतात, ते आधी गोळा करावेत.