कॅराव्हॅन ओढायला गाडी घेताय? इंजिनाआधी हूक बघा

कर्जत : शनिवार उजाडला की खारघर, नेरूळ, वाशीच्या गाड्या कर्जत, खालापूरकडे वळतात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात मोटारीमागे ओढायचे ट्रेलरही आहेत. शेताच्या कडेला जागा असलेले आपले शेतकरीही आता विचारतात, असा ट्रेलर घेतला तर ओढायला गाडी कोणती?

बहुतेक जण आधी इंजिन किती ताकदीचं ते बघतात. पण ओढणं सोपं, थांबवणं अवघड. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना एक टनाचा ट्रेलर मागून ढकलत असतो. युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपणही तोच हिशोब धरावा. घाटात खालचा गिअर ठेवायचा, नुसत्या ब्रेकवर उतरायचं नाही.

वजनाचा हिशोब कागदावर करा. रिकामा ट्रेलर ७५० किलो, शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो, भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलो, सामान १२० किलो. झाले हजार. आता गाडीच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा किती दिलीय ते बघा. आकडाच दिला नसेल, तर शोरूममधल्या तोंडी भरवशावर जाऊ नका.

बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या गाड्यांना खाली स्वतंत्र चासी असते, हूक तिला घट्ट बसतो. क्रेटासारख्या गाडीत बॉडी आणि सांगाडा एकच असतो, म्हणून हूक नेमका कुठे बसवायचा हे कंपनीला विचारूनच ठरवावं. नुसता बंपरला जोडलेला हूक कामाचा नाही. हुकाचा गोळा ५० मिलिमीटरचा असेल, तर ट्रेलरची वाटीही त्याच मापाची हवी. जोडल्यावर ट्रेलर जमिनीला समांतर राहिला पाहिजे. सुटलाच तर धरायला साखळी हवी आणि मागचे दिवे, इंडिकेटर चालू हवेत.

पुढची गोष्ट गाडीवानाला सांगायला नको. बैलगाडी उलाळ झाली की बैलांचा गळा आवळतो, धुरजड झाली की मानेवर ओझं येतं. ट्रेलरचंही तसंच. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हुकावर हवा, म्हणजे हजार किलोला शंभर. मात्र हे शंभर किलो गाडीत बसलेल्या माणसांच्या वजनात धरायचे. भार मागे गेला की ट्रेलर शेपटासारखा हलतो. मी एकदा पेंढा मागे जास्त रचला, तर सपाट रस्त्यावरही ट्रॉली ट्रॅक्टरला डोलवू लागली. असं झालं तर जोरात ब्रेक मारू नका, ॲक्सिलेटर सोडा आणि स्टीअरिंग सरळ धरा.

शेतातल्या शेतात ट्रेलर हलवायला ट्रॅक्टर पुरतो. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे, हे विसरू नका.

शेवटचं कागदपत्रांचं. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच आहे, त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. पनवेलचा एमएच-४६ असो की वाशीचा एमएच-४३, आरटीओत आधी विचारा, विम्यात ट्रेलरची नोंद करून घ्या आणि मगच पैसे द्या. घाटात काही झालं, तर आधी हेच कागद मागतात.