ज्यांच्यासाठी संस्था, त्यांना निर्णयात मत

सेवाभावी संस्थांच्या कामाचे मोजमाप करताना खर्ची पडलेला निधी, लाभार्थ्यांची संख्या आणि कार्यक्रमांचे अहवाल पाहिले जातात. परंतु ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली त्यांच्यापैकी कितीजण तिच्या विश्वस्त मंडळात किंवा कार्यकारी मंडळात मताधिकारासह बसतात, हे क्वचितच विचारले जाते. गरिबी, अपंगत्व, मनोविकार, व्यसन किंवा जातीमुळे वाट्याला आलेले काम ज्यांनी स्वतः भोगले आहे, त्यांच्याकडे त्या प्रश्नाचे एक वेगळे ज्ञान असते. त्याला येथे स्वानुभवाचे ज्ञान म्हटले आहे. ते संस्थेच्या पत्रकात मनोगत म्हणून छापले जाते, पण जेथे अंदाजपत्रक ठरते त्या बैठकीपर्यंत पोहोचत नाही. यात अन्याय आहेच, शिवाय कामाचेही मोठे नुकसान आहे.

पुण्यातील कचरावेचकांचा अनुभव या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची स्थिती पाहून बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे त्यांना या कामातून बाहेर काढून दुसरा धंदा शिकवणे. स्वतः कचरावेचक स्त्रियांच्या मागण्या मात्र वेगळ्या होत्या. सुका माल कुंडीत ओल्या कचऱ्यात मिसळण्यापूर्वीच हाती यावा, म्हणजे कष्ट कमी होऊन भाव बरा मिळेल, आणि चोरीचा संशय घेऊन कोणी अडवू नये म्हणून ओळखपत्र असावे, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली 1993 मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’ने याच मागण्या पुढे नेल्या, आणि त्यातूनच 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार झाला, ज्यात घरटी सेवाशुल्क आणि सुका माल विकण्याचा हक्क हे दोन्ही कचरावेचकांकडे राहिले. कामातून बाहेर काढण्याची योजना कितीही सद्भावनेने आखली असती, तरी तिच्यातून ही व्यवस्था निघाली नसती, कारण तेथे प्रश्नच चुकीचा मांडला गेला असता.

याच कामातील एक लहान गोष्ट अधिक बोलकी आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकले, की वर्गीकरण करणाऱ्या बाईला ती पिशवी हाताने उघडून पाहावी लागते; ही किळस आणि संसर्गाची भीती कार्यालयात बसून आराखडा करणाऱ्याच्या यादीत सहसा येत नाही. पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते न उघडता बाजूला ठेवता येईल, हा जवळजवळ बिनखर्चाचा उपाय ज्या हातांना तो कचरा हाताळावा लागतो त्यांच्या गरजेतून आला. वापरलेले पॅड गुंडाळण्यासाठी उत्पादकांनी वेष्टन पुरवावे, अशी तरतूद घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये झाली.

निर्णयातील लोकसहभाग या विषयाच्या अभ्यासात शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये मांडलेली ‘नागरिक सहभागाची शिडी’ प्रसिद्ध आहे. तिच्या आठ पायऱ्यांपैकी तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना केवळ वळवले किंवा ‘सुधारले’ जाते, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे आणि समजूत घालणे येते, आणि निर्णयाचा खरा वाटा फक्त वरच्या तीन पायऱ्यांवर मिळतो. आपल्याकडील बहुतेक संस्था मधल्या पायऱ्यांवर थांबतात आणि त्यालाच लोकसहभाग म्हणतात. याहून क्लेशकारक म्हणजे, निधी उभारण्याच्या समारंभात एखाद्या व्यक्तीला आपले दुःख पुन्हा पुन्हा सांगायला लावले जाते, आणि तो निधी कसा खर्च व्हावा हे ठरवताना तिला बोलावलेही जात नाही.

यावर नेहमीचा आक्षेप क्षमतेचा असतो, की हिशेब, कायदा आणि नियोजन या मंडळींना झेपणार नाही. कोलकात्यातील सोनागाछी येथे डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पाचे व्यवस्थापन 1999 मध्ये ‘दुर्बार’ या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच संघटनेकडे आले, हे या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे. दुसरा आक्षेप हितसंबंधांचा आहे. पण डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक किंवा देणगीदार विश्वस्त असतो तेव्हाही हितसंबंध असतातच, आणि आपल्या लाभाचा विषय निघाला की त्या व्यक्तीने मतदानापासून दूर राहावे हा नियम सर्वांना सारखाच लावता येतो. तिसरी अडचण मात्र खरी आहे. स्वानुभव असलेल्यांमध्येही जात, शिक्षण आणि वक्तृत्व यांचे भेद असतात, त्यामुळे नीट बोलणारी एकच व्यक्ती वर्षानुवर्षे सर्वांची प्रतिनिधी होऊन बसते. आणि मंडळात एकटी पडलेली व्यक्ती बहुधा मान डोलावण्यापलीकडे काही करू शकत नाही. नुसत्या जागेने सत्ता येत नाही, हे पंचायत राजमध्ये सरपंच पत्नीच्या जागी कारभार पाहणाऱ्या ‘सरपंचपतीं’नी महाराष्ट्राला दाखवले आहे. म्हणून जागा किमान तीन असाव्यात, त्या त्या समूहाने निवडून भराव्यात आणि मुदतीने बदलाव्यात, आणि ही तरतूद संस्थेच्या घटनेतच असावी.

बाकीच्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत, परंतु सारे काही त्यांच्यावरच अडते. कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवलेल्या बैठकीला येणाऱ्या मजुराचा रोज बुडतो, तेव्हा तो भरून देणे हे उपकार नसून बैठकीचा रास्त खर्च आहे. आणि इतिवृत्त व ताळेबंद इंग्रजीत असतील, तर मताधिकार कागदावरच राहतो.

सर्वांत मोठा अडसर निधीच्या रचनेत आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि 2021 च्या सुधारित नियमांनी मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन सक्तीचे केले. म्हणजे काम संपल्यावर काय झाले हे तपासले जाते, पण आराखडा कोणी ठरवला हे विचारले जात नाही. प्रस्तावाची मुदत जवळ आली की संस्था घाईने तो लिहून पाठवते, आणि वस्तीतील बैठक निधी मंजूर झाल्यानंतर, बदलण्यासारखे काही उरलेले नसताना होते. देणगीदार कंपन्यांनी आणि न्यासांनी प्रस्तावासोबत ज्या बैठकीत आराखडा ठरला तिचे इतिवृत्त मागावे, त्यात संबंधित समूहातील किती जणांनी मत दिले आणि त्यांच्या म्हणण्यावरून कोणती बाब बदलली किंवा वगळली याची नोंद असावी, आणि अशी बैठक घेता यावी यासाठी प्रस्तावाची मुदत किमान तीन महिन्यांची ठेवावी.

एक वाचक, पुणे